आभासी यंत्रांना प्रोसेसर किती द्यावा?

जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो. येथून एक रस्ता परतूरकडे जातो. परतूर तालुक्यातील वाटूर हे महसूल मंडळाचे गाव. मृगाचा पाऊस पडून पेरण्यांना प्रारंभ झाला, की अशा गावांतील सेवा केंद्रांवर शेतकऱ्यांची वर्दळ वाढू लागते. कोणाला पीककर्जासाठी सातबारा हवा असतो, कोणाला आठ-अचा उतारा. कोणाला पीकविम्याचा अर्ज मुदतीत भरावयाचा असतो, तर कोणाला मुलाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढावयाचा असतो. केंद्रचालक संगणकावर गट क्रमांक घालतो आणि पडद्यावरचे चक्र फिरत राहते. "सर्व्हर चालत नाही काका, जरा बसा," हे वाक्य आता ग्रामीण भागात सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. तिकडे रानात वापसा झालेला असतो, आणि वापसा कोणासाठी थांबत नाही.

हा खोळंबा अनेक कारणांनी होतो. कधी वीज नसते, कधी दूरसंचाराची तार तुटलेली असते, कधी संगणकीय प्रणालीतच दोष असतो. तथापि आणखी एक कारण आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही, कारण ते शेकडो मैलांवरील एका थंड खोलीत दडलेले असते. त्या खोलीतील संगणकाची विचारशक्ती, म्हणजेच त्याचा प्रोसेसर, निरनिराळ्या कामांत कशी वाटून दिली आहे, यावर सेवा केंद्रातील शेतकऱ्याचा वेळ बऱ्याच अंशी अवलंबून असतो. ही वाटणी कशी होते आणि ती कशी करावी, हे समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका यंत्रात अनेक यंत्रे

पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र संगणक घेण्याची पद्धत होती. सातबाराचा एक, दाखल्यांचा दुसरा, वेतनदेयकांचा तिसरा. यांतील बहुतेक संगणक दिवसाचा बराच वेळ रिकामे बसत. परंतु त्यांची वीज, जागा आणि देखभाल यांवरचा खर्च मात्र चालूच राही. यावर उपाय म्हणून एकाच मोठ्या संगणकात अनेक 'आभासी यंत्रे', म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, निर्माण करण्याची पद्धत पुढे आली. प्रत्येक आभासी यंत्राला स्वतःची स्मृती, स्वतःची साठवण आणि स्वतःचा प्रोसेसर आहे असे भासते. वास्तविक हे सारे एकाच यंत्राचे वाटून दिलेले भाग असतात. ही वाटणी करणाऱ्या प्रणालीला 'हायपरवायझर' असे म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने २ ऑगस्ट १९७२ रोजी 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली. तिच्यामुळे एका महासंगणकावर अनेकांना जणू आपापला संगणक वापरता येऊ लागला. १९७४ साली जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी, कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरवर अशी वाटणी निर्वेधपणे करता येईल, याचे नियम मांडले. आपल्या कार्यालयांत पुढे सर्वत्र आलेले इंटेल पद्धतीचे प्रोसेसर या नियमांत पूर्णतः बसत नव्हते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली युक्तीने ही अडचण ओलांडली. त्यानंतर इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आभासी यंत्रांसाठी लागणारी सोय प्रोसेसरमध्येच घडविली. २००७ साली 'केव्हीएम' ही व्यवस्था लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाली आणि मोठा परवाना खर्च न करताही आभासी यंत्रे चालविणे शक्य झाले.

भारतात शासकीय संगणकीकरणाची धुरा वाहणारे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ साली स्थापन झाले. २०१४ मध्ये केंद्र शासनाने 'मेघराज' हा उपक्रम सुरू करून शासकीय विभागांना आभासी यंत्रे पुरविण्याची दिशा आखली. महाराष्ट्रानेही आपल्या राज्य डेटा सेंटरमध्ये 'महागव्ह क्लाउड' या नावाने ही सोय उभी केली. दरम्यान ग्रामीण जनतेचे व्यवहार झपाट्याने संगणकावर आले. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा वेळेत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरविला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून ई-पीक पाहणी नोंदवू लागला. सातबारा उताऱ्यांची राज्यातील संख्या अडीच कोटींच्या घरात आहे. हे लक्षात घेतले, म्हणजे पडद्यामागील यंत्रांवर केवढा भार पडतो याची कल्पना येईल.

सामाईक विहिरीचा दाखला

प्रोसेसरची वाटणी समजून घेण्यासाठी मराठवाड्यातील शेतकऱ्याला दूर जाण्याचे कारण नाही. भावाभावांत वाटण्या होतात, जमिनीचे तुकडे पडतात. विहीर मात्र सामाईक राहते. सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचा हिस्सा किती, याची नोंद होते आणि मोटार चालविण्याच्या पाळ्या ठरतात. आपल्या पाळीत प्रत्येक भाऊ त्या विहिरीचा जणू एकटा मालक असतो.

आभासी यंत्राच्या प्रोसेसरचे असेच आहे. आजच्या एका प्रोसेसरमध्ये अनेक 'कोअर', म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गाभे असतात. समजा, एका मोठ्या संगणकात १६ गाभ्यांचे दोन प्रोसेसर आहेत. म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे गाभे ३२ झाले. आभासी यंत्राला जो आभासी प्रोसेसर दिला जातो, त्याला तंत्रज्ञ 'व्हीसीपीयू' म्हणतात. हा आभासी प्रोसेसर म्हणजे या ३२ गाभ्यांपैकी कोणत्यातरी एकावर पाळी मिळण्याचा हक्क होय. पाळी काही सहस्रांश सेकंदांची असते आणि ती फिरत राहते.

सर्व भाऊ एकाच वेळी मोटार लावीत नाहीत, या भरवशावर विहिरीच्या क्षमतेपेक्षा अधिक पाळ्या कागदावर देता येतात. तसेच ३२ गाभ्यांवर ९६ आभासी प्रोसेसरही देता येतात. येथे एका गाभ्यामागे तीन, असे प्रमाण पडले. हलक्या व विखुरलेल्या कामांसाठी हे प्रमाण पुष्कळदा चालून जाते. परंतु ज्या यंत्रावर मोठा माहितीसाठा सतत चाळला जातो, तेथे एका गाभ्यामागे एकच आभासी प्रोसेसर ठेवणे श्रेयस्कर ठरते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. अनेक प्रोसेसर आपला प्रत्येक गाभा दोन गाभ्यांसारखा दाखवितात. या सोयीला 'हायपरथ्रेडिंग' असे नाव आहे. त्यामुळे वरील संगणकात ३२ ऐवजी ६४ आकडा दिसतो. पण काम दुप्पट होत नाही. सामान्यतः वीस-तीस टक्क्यांपर्यंत लाभ होतो आणि तोही कामाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. हिशेब करताना प्रत्यक्ष गाभेच मोजावेत.

अधिक मागितल्याने काय होते?

कार्यालयीन व्यवहारात मागणीपत्र थोडे वाढवून पाठविण्याची सवय अनेकांच्या अंगवळणी पडलेली असते. दहा मागितले तर आठ मंजूर होतील आणि पुढे लागले तर पुन्हा कोठे मागत बसावे, असा त्यामागील विचार. कागद, कपाटे किंवा खुर्च्या यांच्या बाबतीत ही सवय फारशी बाधत नसेल; प्रोसेसरच्या बाबतीत मात्र ती मागणाऱ्यालाच बाधते.

याचे कारण बैलांच्या उदाहरणाने सांगता येईल. काळ्या भारी जमिनीत लोखंडी नांगर चालवावयाचा तर सहा-आठ बैल लागत. दुसा करून सारे बैल एकाच वेळी गोळा करावे लागत. दोन बैलांचे औत मात्र घरच्या जोडीवर केव्हाही सुरू होई. आठ आभासी प्रोसेसर असलेले यंत्र हे त्या नांगरासारखे असते. त्याचे काम नीट पुढे सरकण्यासाठी आठही प्रोसेसरांना साधारणतः बरोबरीने पाळी मिळावी लागते. गर्दीच्या वेळी आठ गाभे एकदम मोकळे मिळणे कठीण; दोन मात्र सहज मिळतात. आधुनिक हायपरवायझर या बाबतीत थोडी सवलत देतात. तरीही एक प्रोसेसर मागे पडला, की त्याच्याकडील काम पुरे होईपर्यंत इतर सात ताटकळतात. परिणामी ज्या यंत्राचे काम दोन प्रोसेसरांत भागले असते, ते आठ घेऊन अधिक संथ चालते आणि शेजारच्या यंत्रांचीही वाट अडविते.

दुसरी गोष्ट अशी, की काही कामे मुळातच वाटून करण्याजोगी नसतात. तिफणीला बैलांची एकच जोडी लागते. आणखी दोन जोड्या आणून बांधावर उभ्या केल्याने पेरणी लवकर उरकत नाही. एका वेळी एकच सूत्र धरून चालणाऱ्या संगणक प्रणालीला आठ प्रोसेसर दिले, तर त्यांतील सात बसून राहतात. खोळंबा साठवणुकीच्या संथपणामुळे किंवा स्मृती अपुरी पडल्यामुळे होत असेल, तर प्रोसेसर कितीही वाढविले तरी उपयोग होत नाही.

या अडचणीचे एक फसवे लक्षण आहे. आभासी यंत्राच्या आत बसून पाहिले, तर प्रोसेसर फारसा व्यग्र दिसत नाही आणि तरीही काम अडलेले असते. पाळी न मिळाल्याने गेलेला वेळ मोजावयाचा असेल, तर व्हीएमवेअरच्या व्यवस्थेत 'रेडी' हा आकडा आणि लिनक्सच्या 'टॉप' या आज्ञेत 'एसटी' हा रकाना पाहावा. कामाला सज्ज असूनही गाभा मोकळा नसल्याने यंत्र किती काळ तिष्ठत राहिले, हे ते आकडे सांगतात. प्रत्येक आभासी प्रोसेसरमागे हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाऊ लागले की लक्ष घालावे आणि दहा टक्क्यांच्या वर गेले तर तातडीने वाटणी तपासावी, असा अनुभवी तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे.

गरज कशी मोजावी?

मागणीपत्र लिहिण्यापूर्वी मोजमाप करणे, हा यावरील उपाय आहे. मोजमापाचा काळ किमान एक महिन्याचा असावा व त्यात गर्दीचे दिवस अवश्य यावेत. केवळ सरासरीवर विसंबू नये. आठवडी बाजाराला किती ओटे लागतात, हे आठवडाभराच्या सरासरी गर्दीवरून कोणी ठरवीत नाही. ते बाजाराच्या दिवसावरून ठरते. त्याचप्रमाणे सेवा केंद्रे उघडल्यापासून दुपारपर्यंतचा भार वेगळा काढून पाहावा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या सेवेच्या यंत्राला ८ आभासी प्रोसेसर दिलेले आहेत. मोजमापात असे दिसले, की अगदी गर्दीच्या तासातही त्यांचा वापर ३० टक्क्यांच्या वर जात नाही. ८ चे ३० टक्के म्हणजे २.४. अर्थात या सेवेची खरी गरज अडीच प्रोसेसरांहून कमी आहे. तिला ४ प्रोसेसर दिले, तर गर्दीच्या वेळी वापर ६० टक्के होईल आणि अनपेक्षित भारासाठी ४० टक्के शिल्लक राहील. उरलेले ४ दुसऱ्या सेवेच्या उपयोगी पडतील. शिवाय या सेवेलाही तिची पाळी लवकर मिळेल. नव्या सेवेसाठी मोजमाप उपलब्ध नसेल, तर एक किंवा दोन प्रोसेसरांनी प्रारंभ करून मोजत मोजत वाढवीत जावे. आभासी यंत्राचा मोठा गुण हाच, की त्याला नंतर वाढविता येते.

यंत्र फार मोठे करावयाचे असेल, तर आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. दोन प्रोसेसरांच्या संगणकात प्रत्येक प्रोसेसरजवळ त्याची स्वतःची स्मृती असते. जवळच्या स्मृतीतील माहिती लवकर मिळते, पलीकडच्या स्मृतीतील उशिरा. म्हणून वरील उदाहरणातील संगणकात एका यंत्राला १६ पेक्षा अधिक आभासी प्रोसेसर देणे शक्यतो टाळावे. तेवढी गरज असेलच, तर एका प्रचंड यंत्राऐवजी चार लहान यंत्रे उभी करून येणारे अर्ज त्यांत वाटून द्यावेत. पेरणीच्या हंगामात अशी दोन यंत्रे वाढविता येतात आणि हंगाम सरल्यावर ती मिटवून टाकता येतात.

राखीव, हिस्सा आणि मर्यादा

वाटणीवर नियंत्रण ठेवण्यासाठी तीन साधने असतात. पहिले 'राखीव'. धरणात पाणी कितीही कमी झाले, तरी पिण्याच्या पाण्याचे आरक्षण आधी बाजूला काढले जाते. तसाच प्रोसेसरचा काही भाग एखाद्या अत्यावश्यक सेवेसाठी राखून ठेवता येतो. मात्र सर्वांनाच आरक्षण दिले, तर वाटण्यास काही उरत नाही. दुसरे साधन 'हिस्सा'. टंचाईच्या वेळी कोणाला किती प्रमाणात पाळी मिळावी, हे तो ठरवितो. मुबलकता असेल तेव्हा हिश्शाचा काहीच परिणाम होत नाही, आणि हे इष्टच आहे. तिसरे साधन 'कमाल मर्यादा'. ही घातली, की गाभे रिकामे असले तरी त्या यंत्राला ठरल्यापेक्षा अधिक मिळत नाही. पाणी वाहून जात असतानाही मोटार बंद ठेवण्यासारखा हा प्रकार असल्याने मर्यादेचा वापर क्वचितच करावा. पूर्वी कधी चाचणीसाठी घातलेली मर्यादा काढण्याचे राहून गेले नाही ना, हेही पाहावे.

प्रोसेसरची जातही महत्त्वाची

किती प्रोसेसर, याबरोबरच कोणत्या प्रकारचा, हाही प्रश्न असतो. नव्या संगणक प्रणालींना प्रोसेसरमध्ये ठरावीक क्षमता लागतात. रेड हॅट कंपनीच्या २०२२ मधील नवव्या आवृत्तीला 'एक्स८६-६४' या वर्गाची दुसरी पातळी, तर २०२५ मधील दहाव्या आवृत्तीला तिसरी पातळी आवश्यक आहे. आभासी यंत्राला जुन्या, सर्वसाधारण नमुन्याचा प्रोसेसर दाखविला असेल, तर खालचा खरा प्रोसेसर कितीही नवा असला तरी अशी प्रणाली सुरूच होत नाही. याउलट यंत्राला खालच्या प्रोसेसरची प्रत्येक क्षमता जशीच्या तशी दाखविली, तर ते यंत्र चालू स्थितीत दुसऱ्या, जुन्या संगणकावर हलविता येत नाही. यास्तव केंद्रातील सर्व संगणकांना समान असलेली पातळी निवडणे हा व्यवहार्य मार्ग होय. इंटेलच्या संगणकावरील चालू यंत्र एएमडीच्या संगणकावर हलविणे सामान्यतः शक्य नसल्याने हे दोन गट वेगळे ठेवणेच बरे.

प्रोसेसरची मांडणीही मागणीपत्रात स्पष्ट लिहावी. चार आभासी प्रोसेसर हे चार स्वतंत्र प्रोसेसर म्हणून दाखविता येतात, किंवा एकाच प्रोसेसरचे चार गाभे म्हणूनही दाखविता येतात. विंडोज ११ ची 'प्रो' आवृत्ती दोनच स्वतंत्र प्रोसेसर ओळखते. त्यामुळे पहिल्या पद्धतीने मांडणी केल्यास चारांपैकी दोन वाया जातात. काही प्रणालींचे परवाना शुल्क गाभ्यांच्या संख्येवर आकारले जाते. तेथे अनावश्यक मागितलेला प्रत्येक प्रोसेसर शासकीय तिजोरीवरचा वार्षिक बोजा ठरतो.

मागणीपत्र लिहिणाऱ्यांसाठी

वरील विवेचनावरून मागणीपत्रात पाच बाबी असाव्यात, असे दिसून येईल. गर्दीच्या वेळी मोजलेला वापर. त्यावर ठेवलेली शिल्लक. सेवा अत्यावश्यक असल्यास राखीव भाग. प्रणालीला लागणारी प्रोसेसरची पातळी व मांडणी. आणि कोणत्या महिन्यांत भार वाढतो याची नोंद. यांपैकी शेवटची बाब संगणक तज्ज्ञाला ठाऊक नसते. पेरणी केव्हा होते, विम्याची मुदत केव्हा संपते, शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश केव्हा सुरू होतात, हे तलाठी, कृषी सहायक आणि सेवा केंद्रचालक यांना ठाऊक असते. त्यांची माहिती मागणीपत्र लिहिणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचली पाहिजे. दर वर्षी हंगामापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, एकदा ही वाटणी तपासून घेतल्यास ऐन गर्दीत धावपळ करावी लागणार नाही.

सामाईक विहिरीवर सुखाने नांदणारी भावकी ही विहीर मोठी असल्यामुळेच नांदते असे नाही. ज्याला जेवढे पाणी लागते तेवढेच तो घेतो आणि पाळी संपली की मोटार बंद करतो, म्हणून ती नांदते. शासनाच्या संगणकांतील प्रोसेसर ही अशीच सर्वांच्या मालकीची विहीर आहे. तिची वाटणी मोजून झाली, तर वाटूरच्या सेवा केंद्रात सकाळी आलेला शेतकरी उतारा घेऊन वेळेवर रानात परतेल आणि वापसा मोडण्यापूर्वी त्याची तिफण चालू होईल.